पुण्यातून सोलापूरच्या घरच्या संगणकात: एसएसएच नेमकं कुठे अडलं ते शोधायचा क्रम

रविवारी रात्री पुण्याला परतलेल्या माणसाचा फोन सोमवारी संध्याकाळी येतो. संगणक जुळे सोलापुरात किंवा साखर पेठेत, माणूस हिंजवडीत, आणि तक्रार ठरलेली: 'एसएसएच लागत नाही.' एसएसएच म्हणजे लांबच्या संगणकात नेटवर्कवरून सुरक्षित लॉगिन करायची सोय. जरा खोदून विचारलं की कळतं, फोन करायच्या आधी त्याने पोर्ट (एसएसएचच्या दाराचा क्रमांक) बदललाय, घरच्यांना सांगून राउटर रीसेट करून घेतलाय आणि किल्ल्याही (पासवर्डऐवजी चालणाऱ्या फाइली) नव्याने बनवल्यात. मूळ बिघाड एक होता, आता चार झाले. त्यातला पहिला कोणता, हे त्यालाही सांगता येत नाही.

चूक तपासाच्या दिशेत असते. लोक बाहेरून आत तपासत येतात आणि सगळ्यात आधी राउटरवर हात टाकतात. तपास आतून बाहेर जायला हवा: आधी त्याच संगणकावरून, मग घरातल्या दुसऱ्या यंत्रावरून, मग मोबाइलच्या डेटावरून आणि शेवटी पुण्यातून. एक टप्पा पास झाला की त्याला पुन्हा हात लावायचा नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि ती कागदावर लिहून मगच.

उदाहरणं उबुंटूची आहेत, विंडोजचं जिथे वेगळं आहे तिथे तसं म्हटलंय. आज्ञा बोलतो तशा लिहिल्यात. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं वापरा. मोठं अक्षर लागेल तिथे सांगेन.

## तयारी: हुतात्मा एक्सप्रेस पकडायच्या आधी, घरी बसूनच

१. एक कागद करा. त्यावर संगणकाचा घरातला पत्ता (१९२.१६८ ने सुरू होणारा किंवा तसाच), लॉगिनचं नाव अक्षर न अक्षर, राउटरच्या पानाचा पत्ता आणि राउटरच्या स्टेटस पानावर दिसणारा वॅन आयपी, म्हणजे राउटरचा इंटरनेटच्या बाजूचा पत्ता, लिहा. शिवाय होस्ट कीचा, म्हणजे संगणकाच्या स्वतःच्या ओळखीच्या किल्लीचा, ठसा लिहा. त्यासाठी 'एसएसएच-कीजेन -एलएफ' आणि पुढे ईटीसी, एसएसएच या फोल्डरमधल्या 'एसएसएच_होस्ट_ईडी२५५१९_की.पब' या फाइलचा पूर्ण पत्ता द्यायचा. हा ठसा लोक कधीच लिहून ठेवत नाहीत आणि नेमका तोच पुढे लागतो. कागदाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. पासवर्ड मात्र त्यावर लिहू नका.

२. वीज गेल्यावर काय होईल ते ठरवा. आपल्याकडे लाइट जाणार, हे धरूनच चालायचं. बायॉसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, वीज परत आल्यावर काय करायचं याची सेटिंग असते. तिथे 'लास्ट स्टेट' नको, 'पॉवर ऑन' ठेवा. फरक असा: यूपीएसची बॅटरी संपत आली म्हणून संगणक रीतसर बंद झाला, तर 'लास्ट स्टेट'च्या दृष्टीने शेवटची अवस्था 'बंद' हीच होती. मग लाइट येऊनही तो उठत नाही.

राउटर आणि फायबरचा डबा, दोघांनाही छोटा यूपीएस द्या. संगणक चालू आणि राउटर बंद असेल तर उपयोग शून्य. सेटिंगमध्ये जाऊन आपोआप झोपी जाणं, म्हणजे सस्पेंड, बंद करा.

३. केबल लावा. वायफायच वापरायचं असेल तर हे तपासा. उबुंटूत वायफायचा पासवर्ड पुष्कळदा एकाच वापरकर्त्याच्या नावावर साठवलेला असतो. संगणक उठतो, लॉगिनच्या पडद्यावर थांबतो, पण कुणी लॉगिन करेपर्यंत वायफाय जोडतच नाही. घरचे सांगतात 'चालू आहे की', आणि ते खरंच असतं. त्या कनेक्शनच्या सेटिंगमध्ये 'सगळ्या वापरकर्त्यांना उपलब्ध' हा पर्याय टिकमार्क करा. डिस्क एन्क्रिप्ट केली असेल तर अडचण याहून मोठी आहे: संगणक उठतानाच पासवर्ड मागत थांबेल आणि एसएसएच सुरूच होणार नाही.

४. दिव्यांना आणि प्लगना चिठ्ठ्या चिकटवा. गंमत वाटेल, पण फोनवरून मदत घ्यायची तर याला पर्याय नाही. आमच्या आप्पांना मी एकदा फोनवर 'राउटरचा दिवा बघा' म्हणालो. 'लाल दिसालाय की,' ते म्हणाले. पाऊण तास मी इंटरनेट गेलं असं समजून बसलो होतो. लाल दिवा एक्स्टेंशन बोर्डचा होता.

> तपासणी: संगणक रीतसर बंद करा. मेन स्विच एक मिनिट बंद ठेवून चालू करा. कीबोर्डला हात न लावता पाच मिनिटं थांबा आणि मग दुसऱ्या यंत्रावरून लॉगिन करून बघा. जमलं नाही, तर तुमचं काम अजून सोलापुरातच आहे.

आणखी एक, फक्त उन्हाळ्यापुरतं. पत्र्याखालच्या वरच्या खोलीत संगणक ठेवला असेल तर एप्रिल-मेमध्ये दुपारी तो तापून स्वतःच बंद पडू शकतो. अशा वेळी वीज गेलेलीच नसते, म्हणून तो आपोआप उठतही नाही. 'सकाळी लागतं, दुपारनंतर नाही' अशी तक्रार असेल तर आधी संगणकाची जागा बदला.

## टप्पा १: संदेश वाचा, नुसता बघू नका

'लागत नाही' हा संदेश नव्हे. पडद्यावर इंग्रजीत आलेली शेवटची ओळ जशीच्या तशी लिहून घ्या. आपण कुठल्या दारापर्यंत पोचलो ते तीच सांगते.

कुड नॉट रिझॉल्व्ह होस्टनेम: नावाचा पत्ताच सापडला नाही. नाव चुकीचं टाइप झालंय किंवा डीएनएसची, म्हणजे नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेची, भानगड आहे. घरच्या संगणकाचा यात संबंध नाही.

कनेक्शन टाइम्ड आउट: हाक मारली, उत्तर कुणाचंच नाही. संगणक बंद आहे, पत्ता चुकलाय, फायरवॉल (नको त्या जोडण्या अडवणारी भिंत) गुपचूप गिळतेय किंवा बाहेरून आत रस्ताच नाही. टप्पा ३ आणि ५.

कनेक्शन रिफ्यूज्ड: कुणीतरी ऐकलं आणि 'इथे कुणी नाही' म्हणालं. एसएसएच सर्व्हर बंद आहे किंवा वेगळ्या पोर्टवर आहे. मात्र हे उत्तर संगणकाऐवजी राउटरनेही दिलेलं असू शकतं. टप्पा २.

परमिशन डिनाइड: नेटवर्क ठणठणीत आहे. दारापर्यंत पोचलात, कुलूप उघडत नाही एवढंच. टप्पा ४. हा संदेश असताना राउटर रीसेट करणारे लोक मी पाहिलेत.

होस्ट की व्हेरिफिकेशन फेल्ड: समोरचं यंत्र ओळखीचं वाटत नाही. घाईत पुढे जाऊ नका, शेवटचा टप्पा वाचा.

काहीच कळत नसेल तर 'एसएसएच -व्हीव्हीव्ही' असं देऊन जोडा. खूप ओळी येतील. 'कनेक्शन एस्टॅब्लिश्ड' ही ओळ आली की नाही एवढंच आधी बघा. आली तर अडचण ओळखपत्राची किंवा क्वचित पॅकेटच्या आकाराची, नाही आली तर रस्त्याची.

## टप्पा २: त्याच संगणकावरून त्याच संगणकात

घरच्या संगणकावर बसून 'एसएसएच लोकलहोस्ट' द्या. इथे ना राउटर आहे ना इंटरनेट, त्यामुळे दोष कुणावर ढकलता येत नाही.

रिफ्यूज्ड आलं तर 'सिस्टमसीटीएल स्टेटस एसएसएच' बघा (फेडोरात सेवेचं नाव एसएसएचडी). सेवा सापडलीच नाही तर दचकू नका. उबुंटू डेस्कटॉपवर दुसरीकडे जाण्यासाठीचं एसएसएच असतं, बाहेरच्याला आत घेणारा सर्व्हर नसतो. 'ओपनएसएसएच-सर्व्हर' हे पॅकेज टाकावं लागतं. विंडोज १० आणि ११ मध्येही सर्व्हर हा ऑप्शनल फीचर्समधून वेगळा घ्यावा लागतो, आणि घेतल्यावर त्याची सेवा 'ऑटोमॅटिक'वर ठेवावी लागते. नाहीतर पहिल्या रीस्टार्टनंतर गायब.

सेवा चालू आहे पण पोर्ट भलताच वाटतोय? 'सुडो एसएस -टीएलएनपी' ('सुडो' म्हणजे ॲडमिनच्या हक्काने) दिल्यावर कोण कुठल्या पोर्टवर कान लावून बसलंय ते दिसतं. एसएसएचचा नेहमीचा पोर्ट २२.

उबुंटूच्या २२.१० आवृत्तीपासून इथे एक फसवी गोष्ट आहे. पोर्टवर कान एसएसएचडी (एसएसएच सर्व्हरचा प्रोग्रॅम) लावत नाही, सिस्टमडीचं (सगळ्या सेवा सांभाळणाऱ्या यंत्रणेचं) 'एसएसएच.सॉकेट' लावतं. त्यामुळे कॉन्फिग फाइलमध्ये पोर्ट बदलून फक्त एसएसएच सेवा रीस्टार्ट केली तर जुनाच पोर्ट चालू राहतो. २४.०४ मध्ये कॉन्फिगमधला पोर्ट उचलला जातो, पण त्यासाठी आधी 'सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड' आणि मग 'सिस्टमसीटीएल रीस्टार्ट एसएसएच.सॉकेट' द्यावं लागतं.

दुसरी नेहमीची फसगत: 'मी पासवर्ड लॉगिन बंद केलं, तरी तो विचारतोच.' मुख्य कॉन्फिग फाइलच्या सुरुवातीलाच 'एसएसएचडी_कॉन्फिग.डी' या फोल्डरमधल्या फाइली वाचल्या जातात, आणि एसएसएचडी बहुतेक सेटिंगची पहिली भेटलेली किंमत धरतो, शेवटची नाही. त्या फोल्डरमधली एखादी फाइल 'यस' म्हणत असेल तर तुम्ही खाली लिहिलेलं 'नो' वाया जातं. फाइली चाळत बसण्यापेक्षा 'सुडो एसएसएचडी -टी' द्या, यातला टी मोठा. प्रत्यक्षात काय लागू आहे ते सगळं समोर येतं. लहान टी दिला तर फक्त कॉन्फिगमधल्या चुका तपासल्या जातात. दोन्ही कामाचे आहेत.

> सावधान: कॉन्फिग बदलल्यावर आधी लहान टीने तपासा, मगच रीस्टार्ट करा. लांबून काम करत असाल तर चालू असलेली खिडकी बंद करू नका. रीस्टार्टने जुनं जोडलेलं सत्र तुटत नाही. दुसऱ्या खिडकीतून नवं लॉगिन जमलं की मगच पहिली सोडा.

## टप्पा ३: घरातल्या दुसऱ्या यंत्रावरून

लॅपटॉप घरच्याच वायफायवर ठेवा आणि कागदावरच्या पत्त्यावर जोडा. लोकलहोस्ट लागलं आणि इथे टाइम्ड आउट आलं, तर नव्वद टक्के वेळा फायरवॉल. 'सुडो यूएफडब्ल्यू अलाव ओपनएसएसएच' द्या (यूएफडब्ल्यू ही उबुंटूची फायरवॉल; ओपनएसएसएचमध्ये ओ, एसएसएच ही अक्षरं मोठी). लांबून यूएफडब्ल्यू चालू करणार असाल तर अलाव आधी, एनेबल नंतर. उलट केलंत तर पुढचं लॉगिन बाहेरच अडेल.

विंडोजवर नेटवर्क 'पब्लिक' म्हणून नोंदलंय का बघा. फायरवॉलचा नियम फक्त 'प्रायव्हेट'पुरता असेल तर सगळं बरोबर असूनही दार बंद.

फायरवॉल नसेल तर लॅपटॉप पाहुण्यांच्या वायफायवर नाही ना, हे तपासा. ते नेटवर्क घरातल्या यंत्रांना एकमेकांशी बोलू देत नाही.

आणि पत्ता पक्का करा. राउटर संगणकाला रोज तोच आकडा देईल असं नाही. राउटरच्या डीएचसीपीच्या (घरात पत्ते वाटणाऱ्या सेवेच्या) पानावर संगणकाच्या मॅक पत्त्याला (नेटवर्क कार्डाच्या ओळख क्रमांकाला) एक आयपी राखून ठेवा. वायफायवर 'रँडम मॅक' चालू असेल तर हे राखीव आसन कामाला येत नाही, ते बंद करा.

## टप्पा ४: कुलूप आणि किल्ली

आधी पासवर्डने लॉगिन चालतंय याची खात्री, मग किल्ली, आणि पासवर्ड बंद करणं सगळ्यात शेवटी. या क्रमात उडी मारायची नाही.

लॅपटॉपवर 'एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९' ने किल्ल्यांची जोडी बनवा (इथे टी लहान), तिला पासफ्रेज, म्हणजे किल्लीचा स्वतःचा पासवर्ड, द्या आणि 'एसएसएच-कॉपी-आयडी' ने सार्वजनिक किल्ली घरच्या संगणकावर पाठवा. हाताने चिकटवताना ओळ मधे तुटते आणि मग तासभर शोध चालतो. खासगी किल्ली, म्हणजे '.पब' नसलेली फाइल, लॅपटॉपच्या बाहेर जाता कामा नये.

तरीही परमिशन डिनाइड येत असेल तर दोन खिडक्या शेजारी ठेवा. सर्व्हरवर 'सुडो जर्नलसीटीएल -यू एसएसएच -एफ' चालू करून ठेवा आणि लॅपटॉपवरून जोडा. लॅपटॉपला फक्त 'नाही' एवढंच कळतं, खरं कारण सर्व्हरच्या नोंदीत येतं.

माझं स्वतःचं असंच झालं होतं. घरच्या संगणकावर टॉवेलच्या मालाची बिलं असतात. चुलतभावाला ती दुसऱ्या खात्यावरून उघडता यावीत म्हणून मी कंटाळून अख्ख्या होम फोल्डरला ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळं करायची, परवानगी दिली. बिलं उघडली आणि त्याच रात्री पुण्यातून किल्ली चालेनाशी झाली. दोन दिवस मी नव्या किल्ल्या बनवत बसलो. नोंदीत ओळ स्वच्छ होती: 'बॅड ओनरशिप ऑर मोड्स'. तुमच्या होम फोल्डरमध्ये दुसऱ्या कुणालाही लिहिता येत असेल तर एसएसएचडी त्यातल्या किल्ल्यांवर विश्वास ठेवत नाही, आणि ते बरोबरच आहे. होम फोल्डर ७५० किंवा ७५५, '.एसएसएच' फोल्डर ७००, 'ऑथोराइज्ड_कीज' फाइल ६००, आणि सगळ्याची मालकी तुमच्याच नावावर. बिलांसाठी वेगळा फोल्डर.

इतर नेहमीचे अडथळे थोडक्यात:

विंडोजवर तुमचं खातं ॲडमिनिस्ट्रेटर असेल तर स्वतःच्या फोल्डरमधली 'ऑथोराइज्ड_कीज' बघितलीच जात नाही. किल्ली 'प्रोग्रॅमडेटा' फोल्डरमधल्या एसएसएचमध्ये 'ॲडमिनिस्ट्रेटर्स_ऑथोराइज्ड_कीज' या फाइलमध्ये लागते. विंडोजवाल्यांचे निम्मे फोन इथे संपतात.

'टू मेनी ऑथेंटिकेशन फेल्युअर्स' आलं तर लॅपटॉपमध्ये किल्ल्यांचा जुडगा झालाय. सर्व्हर ६ प्रयत्नांनंतर हाकलतो आणि बरोबर किल्लीची पाळीच येत नाही. लॅपटॉपच्या एसएसएच कॉन्फिगमध्ये घरच्या संगणकासाठी 'आयडेंटिटीफाइल'मध्ये ती एक किल्ली द्या आणि 'आयडेंटिटीजओन्ली यस' लिहा.

लॉगिनचं नाव दिलं नाही तर लॅपटॉपवरचं नाव आपोआप जातं. ऑफिसच्या लॅपटॉपवरचं नाव आणि घरचं नाव वेगळं असणारच.

> तपासणी: घरच्या वायफायवरून किल्लीने तीनदा लॉगिन करा, मधे एकदा संगणक रीस्टार्ट करून. मगच 'पासवर्डऑथेंटिकेशन नो' आणि 'केबीडीइंटरॲक्टिव्हऑथेंटिकेशन नो', आणि मोठ्या टीने खात्री.

## टप्पा ५: घराच्या बाहेर, पण अजून सोलापुरातच

लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घ्या. घरच्या वायफायवर बसून घराचाच बाहेरचा पत्ता वापरून तपासू नका. पुष्कळ राउटर आतून बाहेर जाऊन पुन्हा आत वळू देत नाहीत, मग चालू असलेली गोष्टही बंद वाटते.

आता कागदावरचा वॅन आयपी काढा. 'माझा आयपी कोणता' हे दाखवणाऱ्या एखाद्या साइटवर घरच्या इंटरनेटवरून दिसणाऱ्या आकड्याशी तो ताडून बघा. दोन्ही एकच असतील तर तुम्हाला खरा सार्वजनिक पत्ता आहे. वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ यांच्यामध्ये सुरू होत असेल, तर इंटरनेट देणाऱ्याने एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलाय. त्याला सीजीनॅट म्हणतात. १० किंवा १९२.१६८ ने सुरू होत असेल तर एकतर हाच प्रकार, नाहीतर फायबरचा डबाही राउटरचंच काम करतोय आणि तुमचा राउटर त्याच्या पोटात आहे.

सीजीनॅट असेल तर राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी घरच्या संगणकाकडे वळवणं) कितीही निगुतीने करा, काही होणार नाही. तो फाटा तुमच्या घराच्या अलीकडेच बंद आहे. डायनॅमिक डीएनएसही (बदलत्या पत्त्याला कायमचं नाव देणारी सोय) तिथे निरुपयोगी. आठवडाभर राउटरशी झुंजणारे बहुतेक लोक इथेच अडकलेले असतात, आणि हे तपासायला दोन मिनिटं लागतात.

मग उरतात तीन रस्ते. इंटरनेट देणाऱ्याकडून पैसे भरून स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, आयपी घेणं. दोन्हीकडे आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे, लांबलचक पत्ते) असेल तर त्यावरून जाणं, अर्थात राउटरची आयपीव्ही६ फायरवॉल उघडून. नाहीतर टेलस्केलसारखं खासगी नेटवर्क, जे दोन्ही यंत्रांवर टाकलं की सीजीनॅटमधूनही एकमेकांना शोधतं.

माझं मत विचाराल तर घरच्या एका संगणकासाठी तिसराच. सार्वजनिक पत्ता असला तरी. इंटरनेटला उघडा २२ नंबरचा पोर्ट काही तासांत जगभरच्या यंत्रांकडून ठोठावला जातो, आणि ती डोकेदुखी ओढवून घेण्याचं कारण नाही. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवा. टेलस्केलचे पत्तेही १०० नेच सुरू होतात, ते वॅन आयपी समजू नका. आणि त्याची ओळख ठरावीक मुदतीने, सहसा १८० दिवसांनी, संपते. घरच्या संगणकासाठी ही मुदत त्यांच्या ॲडमिन पानावर बंद करा, नाहीतर सहा महिन्यांनी एका सकाळी काहीच न बदलता सगळं थांबेल.

पोर्ट फॉरवर्डच करायचा असेल तर टप्पा ४ मधली तपासणी पूर्ण झाल्यावर, बाहेर एखादा मोठा आकडा आणि आत २२. डीएमझेड (सगळेच पोर्ट एका यंत्राकडे उघडणारी सेटिंग) चालू करू नका.

## टप्पा ६: काल लागत होतं, आज पुण्यातून लागत नाही

काही बदलायच्या आधी ऑफिसच्या नेटवर्कवरून उतरून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर या. अनेक ऑफिसं पोर्ट २२ बाहेर जाऊच देत नाहीत. हॉटस्पॉटवरून लागलं तर घरात सगळं ठीक आहे.

नाही लागलं तर घरी फोन. विचारायचं ते ठरलेल्या क्रमाने: लाइट गेली होती का, चिठ्ठी लावलेला पहिला दिवा कुठल्या रंगाचा, संगणकाचा पंखा वाजतोय का. 'नेट चालू आहे का' असं विचारू नका. घरचे मोबाइलच्या डेटावर व्हिडिओ बघून 'चालू आहे' सांगतात.

सर्व्हरवर फेल२बॅन (वारंवार चुकीचं लॉगिन करणाऱ्याला अडवणारा प्रोग्रॅम) टाकलं असेल आणि तुम्ही चुकीचा पासवर्ड पाचेक वेळा दिला असेल, तर तुमचाच पत्ता अडवला गेलाय. मूळ सेटिंगमध्ये ही बंदी १० मिनिटांची असते. चहा घ्या आणि एकदाच प्रयत्न करा.

सत्र लागतं पण काही मिनिटं शांत राहिलं की गोठतं? मधलं एखादं यंत्र निवांत जोडणी विसरून जातं. लॅपटॉपच्या कॉन्फिगमध्ये 'सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल ६०' लिहा. जोडणी होते पण '-व्हीव्हीव्ही' मध्ये 'एक्स्पेक्टिंग' शब्द आणि 'केक्स' असलेल्या ओळीवर अडकते, तर मोठी पॅकेटं वाटेत गळतायत. घरच्या संगणकाचा एमटीयू, म्हणजे पॅकेटचा कमाल आकार, १५०० वरून १४०० करून बघा. अर्थात हे घरी कुणाकडून तरी करून घ्यावं लागेल.

आणि होस्ट कीचा इशारा. मोठ्या अक्षरांत ओळख बदलल्याचं येतं आणि लोक जुनी नोंद पुसून पुढे जातात. थांबा. घरी कुणी उबुंटू नव्याने टाकलं का? राउटरने तोच आयपी दुसऱ्याच यंत्राला दिला का? टाकलं असेल तर घरच्या माणसाला संगणकासमोर बसवून नव्या किल्लीचा ठसा वाचून दाखवायला सांगा. पडद्यावरच्या ठशाशी जुळला तर 'एसएसएच-कीजेन -आर' (आर मोठा) आणि पुढे पत्ता देऊन जुनी नोंद काढा, कागदावरचा ठसाही बदला. कुणीच काही बदललेलं नसेल आणि ठसा कागदाशी जुळत नसेल, तर पासवर्ड टाकू नका. ते लॉगिन शनिवारी घरी जाऊनच.